आसावरचं कुंकू

नदीकाठच्या एका गावात एक गाडीवान राहत होता. वयाने थकला, तेव्हा त्याने आपली बैलगाडी विकायला काढली. गाडी दिसायला देखणी, पण चाकं जोडणाऱ्या लाकडी आसाला बोटभर चीर गेली होती.

त्याने चिरेत मेण भरलं. तरी ती दिसतच राहिली. मग त्याने बायकोचा करंडा आणला आणि चिरेवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं.

"आज गाडीची पूजा वाटतं?" बायकोने विचारलं.

"सासरी चाललीय, कुंकू लावूनच पाठवायची," तो म्हणाला. बायको बिचारी निरांजन घेऊन आली नि तिने गाडीला ओवाळलं.

शेजारच्या गावची एक कुंभारीण गाडी बघायला आली. आजवर ती मडकी डोक्यावरून बाजाराला न्यायची. तिने जू हलवून पाहिलं, चाकं फिरवून पाहिली. आसाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"दादा, कुठे काही दुखतंय का हिला?"

"काही नाही, ताई. ठणठणीत आहे."

"मग देवाचं कुंकू कशाला पुसून बघू?" म्हणत तिने गाडी घेतली.

"लेकच आहे आमची, सांभाळ हो," निघताना गाडीवानाची बायको म्हणाली.

तिसऱ्याच बाजाराला उतारावर आस मोडला. अख्ख्या भट्टीची मडकी फुटली.

प्रकरण पंचांपुढे गेलं. गाडीवान म्हणाला, "मी काही गाड्यांचा व्यापारी नाही. घरची गाडी आहे तशी दिली. त्यांनी बघून घेतली."

थोरले पंच म्हणाले, "आहे तशी दिली, तर घेणाऱ्याने पारखून घ्यावं, हे खरं. पण ठाऊक असलेला दोष झाकला, तर ती 'आहे तशी' कसली? मग गाडी परत देऊन सगळे दाम मागता येतात. नाहीतर गाडी ठेवून दुरुस्ती नि भरपाई मागता येते. फक्त दोष झाकला होता, हे दाखवावं लागतं. आहे का कोणी साक्षीला, पोरी?"

कुंभारणीने मान खाली घातली. "साक्ष कुठली आणू? माझंच चुकलं असेल. पूजलेली गाडी, मी हावरटपणाने चार मडकी जास्त भरली. दादा, तुमची लेक मी नीट सांभाळली नाही."

गाडीवान सुटला होता. पंच उठायलाही लागले. त्याची बायको कुंभारणीच्या पाठीवरून हात फिरवत होती. त्याला बायकोच्या कपाळाकडे बघवेना.

"थांबा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की पुन्हा म्हणावं लागलं. "ते कुंकू पूजेचं नव्हतं. खाली चीर होती. मीच झाकली."

बायकोने तोंड फिरवलं. पंच काय निवाडा देतील, यापेक्षा तेच त्याला जास्त लागलं.

"आता तू सांग, पोरी," पंच म्हणाले.

"गाडी मला हवीच आहे. आस नवा घालून द्या, आणि फुटल्या मडक्यांचं तेवढं बघा."

आठ दिवसांनी नवा आस बसला. गाडीवान म्हणाला, "आधी बघून घ्या, ताई. पुसायला यावर काही नाही." कुंभारणीने या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि हसून मान हलवली.

तेव्हा बायकोने करंडा गाडीवानापुढे धरला. "आता लावा."

त्याने एवढासा ठिपका लावला. बाकी सगळं लाकूड उघडं दिसत होतं.

तात्पर्य एवढंच: आपल्या वस्तूतली खोट घेणाऱ्याला आपणच दाखवावी; देवाच्या नावाखाली ती झाकली, तर आपल्याच माणसांपुढे मान वर करता येत नाही.