घरची माती

कुरणवाडीच्या नदीकाठच्या मातीच्या बांधावर गिरजाबाई खेकड्यांची बिळं बुजवत होती, तोच देशमुखांचा घोडा येऊन थांबला. त्यांना गढीला नवा बुरूज चढवायचा होता.

"उद्या हा बांध खणा आणि माती गढीवर न्या," देशमुख गरजले. "दहा वर्षांत पूर आलाय का कधी?"

बांधावर जमलेल्या गावकऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गिरजाबाईने चिखलाचे हात पदराला पुसले.

"खरं हाय सरकार. पर धा वर्सांत गढीवर वैरी तरी कुठं आलाय? जुने चार बुरूज पाडा की! माती घरचीच मिळंल."

देशमुखांनी गढीकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं आणि घोडा वळवला.

नव्या बुरुजाचा बेत त्यांनी सोडला; दुसऱ्या दिवशी गढीवरून जुन्या बुरुजाच्या मातीच्या गाड्या आल्या, त्या बांधावर रित्या करायला. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. गिरजाबाई पुढचं बीळ बुजवायला वाकली.