परत येण्याची हमी

परदेशातील केतकीला जुळे होणार होते आणि तिच्याजवळ घरचे कोणीच नव्हते. म्हणून वाईच्या प्रमिलाबाई गोगट्यांनी, तिच्या आईने, सहा महिन्यांच्या व्हिसासाठी अर्ज केला. मुलाखत घेणारा परदेशी अधिकारी दुभाष्यामार्फत गुर्मीत म्हणाला, "लेकीकडे एवढे सुख मिळाल्यावर तुम्ही परत कशाला याल? हमी काय?"

प्रमिलाबाईंनी शांतपणे विचारले, "साहेब, तुमच्या आई तुमच्याकडे राहायला येतात का?"

"येते; पण आठवड्यातच तिला स्वतःच्या घराची ओढ लागते. कितीही आग्रह केला, तरी थांबत नाही."

"मग माझी हमी त्यांनीच दिली."

अधिकारी हसला. व्हिसा मंजूर करून त्याने हळूच विचारले, "आईला जास्त दिवस थांबवायचे, तर काय करावे?"

"तिला नातवंडे द्या," प्रमिलाबाई म्हणाल्या, "आणि जमल्यास जोडीने."