गाऱ्हाण्याआधीचं बरं

आमच्या खाजणवाडीच्या रवळनाथापुढे उभं राहून एकदम रडगाणं लावलंत, तर गुरव ऐकून घेणार नाही. आधी आजचं काहीतरी बरं सांगायचं, तेही खरंखुरं, मग गाऱ्हाणं. पाहुण्यांना याचं हसू येतं. पण ही रीत आवडाबाईपासून पडली, असं सांगतात.

त्या साली उधाणाने खाडीचा बांध पुन्हा फुटला म्हणे. भातशेतीत खारं पाणी, विहिरीही खारट. गाव सोडून कायमचं खाडीपलीकडे जावं, असं ठरत आलं होतं. होड्यासुद्धा लावून ठेवल्या होत्या. आवडाबाईला मात्र निघता येत नव्हतं. तिची सून ओली बाळंतीण, तापाने फणफणलेली. उघड्या होडीतून नेली, तर पलीकडे जिवंत पोचली नसती. पण एका सुनेपायी सगळ्या गावाला थांबा कोणत्या तोंडाने म्हणायचं?

शेवटी देवाचा कौल घ्यायचं ठरलं. गुरवाने देवाच्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर राहायचं, डावी पडली तर भरतीवर होड्या सोडायच्या.

गुरव गाऱ्हाणं घालू लागला. बांध गेला, भात गेलं, म्हाराजा. "व्हय म्हाराजा," लोक म्हणत होते. मग एकेकाने आपापलं दुखणं काढलं. पाकळ्या हलेनात. खाडी चढत होती. होड्यांचे दोर करकरताना देवळात ऐकू येऊ लागले.

"आवडे, तुजा काय तां सांग," गावचा मानकरी वैतागून म्हणाला.

तिला सांगायला काय कमी होतं? पण तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे सकाळची नातवंडाची झोळी आली. "बा म्हाराजा," ती म्हणाली, "पोर जलामल्यापासून तोंड लावी नाय हुता. आज दूध ओढल्यान. बरा केलंस."

तिचा भांडखोर शेजारी ढाकू फिसकन हसला. "बांध फुटलो, नि हिका दुधाचा पडलाहा!"

"मगे तुजा काय बरा झाला तां सांग!" आवडाबाई उसळली. "सकाळधरून एक तरी!"

सगळे ढाकूकडे बघत राहिले, देवसुद्धा. शेवटी मान खाली घालून तो पुटपुटला, "माझ्या वरच्या बावीचा पाणी अजून गोडा आसा. सगळो गाव दारात येतलो, म्हणान सांगलंय नाय."

ढाकूच्या विहिरीत गोडं पाणी होतं, आणि गाव निघाला होता! मग कोणी म्हणालं, कणगीतलं बियाणं कोरडं राहिलंय. कोणी म्हणालं, बैल डोंगरावर होते म्हणून वाचले. प्रत्येकामागे "व्हय म्हाराजा" चढत गेलं, आणि उजवी पाकळी गळून पडली म्हणे. होड्या ओढून काठावर घेतल्या. सून वाचली.

आजही आमच्याकडे बरं सांगितल्याशिवाय गाऱ्हाणं घालत नाहीत, आणि ज्याला काही सुचत नाही त्याच्यासाठी सगळा गाव उभा राहतो. गेल्या साली माझ्या शेजारची शेवंती देवापुढे आली. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. तिला काही सुचेना. ऊन वर चढलं, म्हाताऱ्यांचे पाय भरून आले, पण कोणी हललं नाही. बऱ्याच वेळाने तिने मागे वळून आमच्याकडे पाहिलं.

"म्हाराजा," ती म्हणाली, "ही सगळी माझ्यासाठी उभी आसत."