‘नाही’च्या मागचं ‘जी’

“ते सगळं खरं, चाचा. पण माझा आवाज परत येणार की नाही?”

“कुटं गेलाय त्यो?”

जीचाचा शेंगा फोडत बसले होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं आणि दाणे पुढ्यातल्या ताटलीत टाकले.

सुकुमार चौगुलेला रागच आला. आवाज कुठं गेलाय हे ठाऊक असतं, तर तो इचलकरंजीहून भर उन्हात या पिराच्या टेकडीवर कशाला कडमडला असता? पण राग ओरडून दाखवायची सोय उरली नव्हती. घशातून निघत होती ती नुसती खरखर.

खालच्या पायरीवर निशिगंधा बसली होती. मोटारसायकल तिनंच हाकत आणली होती. ती तोंड फिरवून हसली.

सुकुमार म्हणजे ‘भोंगा’ या बँडचा गायक. गाता गाता बेस गिटारही तोच वाजवायचा. ‘भोंगा’ पंक वाजवायचा. पंक म्हणजे दोन-अडीच मिनिटांची, सुसाट, घसा फोडून म्हणायची गाणी. त्यात गोडवा शोधायला जाल, तर हात हलवत परत याल.

जैनाघरचं पोर. आईनं हौसेनं सुकुमार नाव ठेवलं आणि पोरगं स्टेजवर जाऊन किंचाळायला लागलं. वडिलांचे यंत्रमाग होते. ते म्हणायचे, “आवाज माझे माग पण एवढाच करत्यात. पण संध्याकाळी कापड तरी निघतंय.”

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्याला स्टेजवरून ओढून उतरवलं. एका गणेश मंडळानं दुसऱ्याच गाण्याला वीज तोडली. पुढं मात्र पुण्या-मुंबईची पोरं त्याच्यासाठी जीव टाकायला लागली. जर्मनीतल्या तळघरांतही तो वाजवून आला. सिनेमावाले आले, त्यांना नाही म्हणाला. टीव्हीवाले आले, त्यांनाही नाही. एका पुढाऱ्यानं वाढदिवसाला बोलावलं, त्याला तर भर कार्यक्रमात माईकवरून नाही म्हणाला. त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं तेच होतं, ‘नाही’. शेवटी तो माईक लोकांपुढं धरायचा आणि अख्खं मैदान ओरडायचं, “नाही!”

आणि आता घसाच नाही म्हणत होता.

स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, “परत असं ओरडलात, तर बायकोला हाक मारायलासुद्धा आवाज राहायचा नाही.” बायको नव्हती, हा भाग वेगळा.

नेमका येत्या रविवारी इचलकरंजीत जुन्या गिरणीच्या पटांगणात कार्यक्रम होता. लहानपणी रोज पहाटे ज्या भोंग्यानं त्याची झोप मोडली, ज्याचं नाव त्यानं बँडला दिलं, तो याच गिरणीचा. सोमवारपासून गिरणी पाडणार होते. तिथं एकदा वाजवायचं, हे त्याच्या मनात पहिल्यापासून होतं.

बँडमधले म्हणाले, निशीला गाऊ दे. ती गिटार वाजवतेच, गळाही आहे. तू बेस धर.

तो म्हणाला, “माझी गाणी दुसऱ्याच्या तोंडात? नाही. घसा कायमचा गेला तरी चालेल.”

तो बोलल्याप्रमाणे करणार, हे निशीला माहीत होतं. म्हणून तिनं त्याला इथं आणलं. जीचाचांच्या मुळीनं भल्याभल्या शाहिरांचे गळे उघडलेत, असं तिचे आजोबा सांगायचे.

चाचा या दर्ग्याचे मुजावर. तरुणपणी मात्र ते शाहीर तातोबा मोहित्यांचे झीलकरी होते. शाहीर पुढं उभा राहून पोवाडा म्हणतो. झीलकरी तुणतुणं घेऊन त्याच्या मागं उभा राहतो आणि ओळ संपली की ‘जी जी जी’ करून सूर धरतो. तातोबांचं नाव जिल्ह्यात पोराटोरांच्या तोंडी होतं. यांचं नाव हुसेन आहे, हे फक्त रेशनकार्डाला ठाऊक. बाकी सगळ्यांचे ते जीचाचा.

“वाजवतोस काय?” चाचांनी विचारलं.

“बेस. चार तारांची गिटार असते. आवाज जाड, खालचा.”

“लोकांस्नी ऐकू येतोय?”

बेस वाजवणाऱ्यांत एक जुना विनोद आहे. सुकुमारनं तोच सांगितला. “चालू असताना कळत नाही, चाचा. बंद पडला की कळतो.”

चाचांचा हात शेंगेवर थांबला.

“ब्येस,” ते म्हणाले.

वाद्याचं नाव घेतलं की उत्तराला दाद दिली, ते सुकुमारला कळलं नाही.

चाचा उठले. ओवरीतल्या खुंटीवरून त्यांनी तुणतुणं काढलं. एकच तार, खाली लाकडाचा पोकळ नळा, वाजवायला एक काडी. ते त्यांनी सुकुमारच्या हातात दिलं.

सुकुमारनं ते काखेत धरलं आणि पंकच्या चालीत तार अशी झोडपली, की निशीनं कानांवर हात ठेवले.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

“हात चांगला हाय. आता ही गाईल. तू झील दे.”

“म्हणजे?”

“मागनं जी म्हनायचं.”

सुकुमारनं तुणतुणं पायरीवर ठेवलं. “मी जी म्हणत नाही, चाचा.”

“घसा दुकतोय?”

“घशाचं नाही. जी म्हणजे होय साहेब. जी म्हणजे मान खाली. मी आजवर कुणाला जी म्हणालो नाही.”

निशीनं कपाळावर हात मारून घेतला.

चाचा काही रागावले नाहीत. “बरं,” ते म्हणाले. “मग न्हाई दे.”

“काय?”

“जीच्या जागी न्हाई म्हन. तुजाच शबुद हाय की.”

सुकुमारला मनातल्या मनात बरं वाटलं. म्हातारा नमला, असं वाटलं त्याला. त्यानं तुणतुणं परत उचललं.

“मी गातो की, चाचा,” निशी म्हणाली. इचलकरंजीची पोरगी, तिकडं पोरीही ‘गातो, जातो’च बोलतात. ती उभी राहिली. तिनं त्याचंच गाणं धरलं.

“भोंगा वाजला, उठणार नाही…
मापात तुझ्या बस—”

“नाही!” सुकुमारनं मागून टाकलं.

निशी अडखळली. पुन्हा सुरुवात केली.

“भोंगा वाजला, उठ—”

“नाही!”

ती थांबली.

“कुनाला म्हनालास?” चाचांनी विचारलं.

“काय?”

“पोरगी गात हुती. तू मागनं न्हाई म्हनालास. कुनाला?”

…

सुकुमारनं निशीकडं पाहिलं.

निशी जमिनीकडं बघत होती. “प्रॅक्टिसला पण असंच होतंय, सुक्या,” ती हळूच म्हणाली. “मी तोंड उघडायचा अवकाश, मागनं तुझं नाही आलंच.”

त्याचे कान तापले. चूक कळली की माणूस आधी दुसऱ्याची शोधतो. त्यानंही तेच केलं.

“आणि तुम्ही, चाचा? तुम्ही जन्मभर जीच म्हणत राहिलात ना? शाहीर खोटं बोलला तरी जी?”

चाचांनी एक शेंग उचलली. फोडली नाही, नुसती बोटांत फिरवत राहिले.

“एकदा बोलला खोटं.”

“मग?”

“एक बडा मानूस हुता. वस्तीचं गायरान गिळून बसल्याला. त्येच्या सत्काराला शाहिरानं पोवाडा बांदला. गरिबाचा वाली म्हनला त्येला.”

“आणि तुम्ही जी म्हणालात.”

“वळ संपली. शाहीर दम घ्याला थांबला.”

“आणि?”

“म्या तोंड मिटून हुतो.”

…

“मग?”

“मग काय. थांबला त्यो थांबूनच ऱ्हायला. समदं मैदान गप. म्होरली वळ घ्याला छातीत वाराच न्हवता.”

सुकुमारनं विचारलं, “त्यांनी काढून नाही टाकलं तुम्हाला?”

“दुसऱ्या दिशी आला. ह्याच पायरीवं बसला. वळ बदलून म्हनली.”

“मग तुम्ही काय केलं?”

“जी म्हनलं.”

टेकडीखालून एक ट्रॅक्टर गेला.

सुकुमारनं जर्मनीपासून जयसिंगपूरपर्यंत माईकवरून किती तरी ‘नाही’ फेकले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, टी-शर्टावर छापून घेतले होते. पण त्यातल्या एकाही ‘नाही’नं कुणाची ओळ बदलल्याचं त्याला आठवेना.

चाचांनी त्याच्या हातातून तुणतुणं घेतलं आणि निशीच्या मागं जाऊन उभे राहिले.

“गा, बाय.”

तिनं पुन्हा धरलं.

“भोंगा वाजला, उठणार नाही,
मापात तुझ्या बसणार नाही…”

शेवटच्या ‘नाही’वर तिचा श्वास संपला. नेमका तिथंच मागून सूर आला. “जी… जी जी जी…” म्हाताऱ्याचा बारीक आवाज, पडलेल्या दातांतून वारा निसटत होता. पण तिनं सोडलेला सूर त्यानं खाली पडू दिला नाही. तेवढ्यात निशीनं छाती भरून घेतली. पुढची ओळ तिनं अशी काही उचलली, की खालच्या रस्त्यानं चाललेल्या बाईनं डोक्यावरचा भारा सावरत वर पाहिलं.

सुकुमार आपलं गाणं समोर बसून पहिल्यांदाच ऐकत होता.

खोटं कशाला बोला, आधी त्याला हेवा वाटला. गाणं त्याच्याशिवाय चाललं होतं, आणि चांगलं चाललं होतं.

मग त्याला भलतंच आठवलं. गाण्याच्या शेवटी तो माईक लोकांपुढं धरायचा. लोकांना ती त्याची ऐट वाटायची. खरं तर तिथं त्याचा दम संपलेला असायचा. लोक ओरडण्याआधी एक क्षण रिकामा जायचा, पण तो रिकामा वाटायचा नाही. त्या क्षणात मागून कुणीतरी त्याचा ‘नाही’ धरून ठेवलेला असायचा. प्रत्येक कार्यक्रमात. आपला आवाज घुमतोय, असंच तो समजत आला होता.

मागं वळून त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

“निशे,” तो म्हणाला. “शेवटी माझा दम जायचा… ते मागनं तू धरायचीस?”

“नाही तर काय स्पीकर धरत होता?”

त्याला लाज वाटली. डोळे भरून आले, आणि ते त्यानं पुसलेही नाहीत. इतक्या वर्षांत तिनं एकदाही बोलून दाखवलं नव्हतं आणि एकदाही तोंड मिटून घेतलं नव्हतं. घेतलं असतं, तर त्याला कळलं असतं.

तो उठला. चाचांपुढं त्यानं हात पसरला. चाचांनी तुणतुणं दिलं.

या वेळी तो निशीच्या मागं उभा राहिला आणि तार छेडली. एकदा. मग पुन्हा एकदा. झोडपली नाही.

निशी गायला लागली. तो थांबला. थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पहिली ओळ त्यानं नुसतीच जाऊ दिली. दुसरी ओळ संपत आली. तिचा आवाज कडेला पातळ झालेला त्याला ऐकू आला.

“जी…”

ओरडायची गरजच पडली नाही. फुटक्या बासरीतून यावा तसा आवाज होता, नुसता वारा आणि तळाशी जरासा सूर. पण तिचाच सूर होता तो. निशीनं वळून पाहिलं नाही. तिचे खांदे मात्र वर उचलले गेले. ती श्वास भरून घेत होती.

गाणं संपलं तेव्हा चाचा केव्हाच शेंगांकडं वळले होते. त्यांनी खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढून सुकुमारच्या हातावर ठेवली.

“चगळत जा. बोलू नगंस फार.”

“यानं आवाज येईल?” निशीनं विचारलं.

“त्वांड ग्वाड हुईल.”

दोघं पायऱ्या उतरले. निशीनं गाडीला किक मारली. सुकुमार मागं बसता बसता थबकला आणि परत वर चढून आला. धापा टाकत तो चाचांसमोर उभा राहिला. जो प्रश्न घेऊन तो सकाळी निघाला होता, तो आता त्याला आठवतही नव्हता.

“चाचा, रविवारी स्टेजवर…”

“हां.”

“पुढं निशी असेल. मी कुठं उभा राहू?”

चाचांनी शेंग फोडली. एक दाणा त्याला दिला, एक आपल्या तोंडात टाकला.

“जितनं पोरीचा दम ऐकू येतोय, तितं.”