शंभर अक्षरांपुढचं

“पण मग चुकलं कुठे, महाराज?”

श्रीरंग हे तिसऱ्यांदा विचारत होता. टेकडीवरच्या मठाच्या ओसरीत शिवगीर महाराज मांडी घालून पावटे सोलत बसले होते. त्यांनी पहिल्या दोन्ही वेळेला उत्तर दिलं नव्हतं. तिसऱ्या वेळेला त्यांनी सुपातला एक किडका पावटा तेवढा बाजूला काढला.

“काय चुकलं म्हणतोस?” ते म्हणाले.

“तेच तर कळत नाही. वेबसाइट सुरेख चालली आहे.”

वेबसाइटचं नाव काढलं की श्रीरंगची मान आपोआप ताठ होत असे. आणि का होऊ नये? पुण्यातली नोकरी सोडून फलटणला आल्यावर तीन महिने खपून त्याने ती एकट्याने बांधली होती. ओळ न् ओळ स्वतःच्या हाताची. बायकोच्या, मृदुलाच्या, गोधड्यांच्या धंद्यासाठी.

मृदुलाकडे लोक जुन्या साड्या पाठवत. कुणाच्या आजीचं लुगडं, कुणाच्या गेलेल्या आईची साडी. मृदुला त्यांच्या गोधड्या शिवायची. यंत्र नाही, हाताने घातलेला धावदोरा. महिन्याला तीन-चार गोधड्या व्हायच्या.

“आता चौदा ऑर्डरी येतात, महाराज. महिन्याला चौदा.”

“शिवतं कोण?”

“मृदुलाच. हाताखाली दोन बायका ठेवल्यात. आधी तिचा निम्मा दिवस फोनवर जायचा. लोक फोन करायचे आणि ही विचारत बसायची, आई कशी होती, कुठली होती, काय करायची. अर्धा-अर्धा तास. गोधडीला काय करायचंय ते? मी फोन नंबरच काढून टाकला साइटवरून. त्याऐवजी एक फॉर्म दिला. माप निवडा, थर निवडा, काठाचा रंग निवडा, संपलं. दोन मिनिटांचं काम.”

“बरं केलंस.”

श्रीरंगला जरा हुरूप आला.

“तिला नुसती चिठ्ठी छापून मिळते. ऑर्डरचा क्रमांक आणि माप. गिऱ्हाइकाचं नाव, नंबर तिला दिसतच नाही. नाहीतर ही आपणहून फोन करायची.”

“मग अडलं कुठे?”

श्रीरंगने शेजारची कापडी पिशवी पुढे ओढली. आतून एक फिकट अंजिरी साडी काढली. साडीच्या घडीत एक मोठी कात्री होती.

“आठ दिवस ही साडी तिच्यापुढे पडून होती. टाका नाही, काही नाही. मी विचारलं, झालं काय? तर आज सकाळी ही पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाली, ऑर्डर तुझ्या वेबसाइटने घेतली आहे, आता तूच काप. नाही जमलं तर उद्यापासून मी शिवायचं सोडते.”

“रागावली?”

“रागावली असती तर कळलं असतं, महाराज. शांतपणे बोलली. अकरा वर्षांत अशी कधी बोलली नाही...”

धंदा बसेल ही भीती त्याला होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी होती, की घरातल्या माणसाचं काहीतरी बिनसलंय आणि आपल्यासारख्या हुशार माणसाला ते दिसत नाही. भल्याभल्या प्रोग्राममधल्या चुका त्याने घटकेत शोधल्या होत्या. ही काही केल्या सापडेना.

“चिठ्ठीत काय लिहिलंय?” महाराजांनी विचारलं.

श्रीरंगने चिठ्ठी वाचली. “क्रमांक दोनशे सतरा. सहा बाय आठ. चार थर. काठ जांभळा. अन्य सूचना: ‘साडी आईची आहे. पदराला हळदीचा डाग आहे, धुऊन गेला नाही. शिवताना तो डाग तेवढा न विसरता’...”

“पुढे?”

“पुढे नाही.”

“न विसरता काय?”

“तेवढंच आहे. अन्य सूचनेला मी शंभर अक्षरं ठेवली आहेत. लोक पाल्हाळ लावतात म्हणून.”

“आणि शंभरापुढचं?”

“फॉर्म ते घेत नाही.”

“मग जातं कुठे?”

“कुठेच नाही, महाराज. ते साठवलंच जात नाही.”

महाराज पुन्हा शेंगा सोलू लागले.

“तुला काय वाटतं, साडी पाठवणाऱ्या बाईने काय लिहिलं असेल?”

“काढून टाका म्हणूनच लिहिलं असणार. डाग आहे तो. डाग कोण ठेवतं?”

“मग काप.”

श्रीरंगने कात्री उचलली. मांडीवर पदर पसरला. डाग चांगला तळहाताएवढा होता. पण जवळून पाहिल्यावर तो एक डाग वाटेना. कुणीतरी स्वयंपाक करता करता रोज त्याच जागी बोटं पुसली असावीत. एकावर एक, कितीतरी वर्षं. कडेची चार बोटं तर वेगळी ओळखू येत होती.

कात्री उघडली. तशीच राहिली...

“ठेवा म्हणूनही लिहिलं असेल,” तो हळूच म्हणाला.

“मग ठेव.”

“आणि काढा म्हणाली असेल तर? गोधडी अंगावर घ्यायची, आणि मधोमध हा डाग...”

“मग काढ.”

“महाराज, काहीतरी एक सांगा ना.”

“मी काय सांगू? माझी आई आहे का ती?”

श्रीरंगने कात्री खाली ठेवली. त्याला स्वतःचीच चीड आली. काढ किंवा ठेव, दोनच तर पर्याय. एवढ्याशासाठी मृदुला आठ दिवस या साडीपुढे बसून होती. बाजूच्या खोलीत तो वेबसाइटचे रंग बदलत होता. तिने दोनदा हाक मारली होती. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, चिठ्ठीत बघ, सगळं चिठ्ठीत आहे.

“बाईकडे फोन आहे?” महाराजांनी विचारलं.

“आहे. म्हणजे, नंबर माझ्याकडे आहे. मृदुलाला दिसत नाही, पण मला दिसतो.”

पावटे सोलण्यात महाराज पार गढून गेले होते, निदान दाखवत तरी तसंच होते.

श्रीरंग उठला. मठात फोनला रेंज नव्हती. ती फक्त मागच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी, निंबाऱ्याच्या झाडाखाली मिळायची. तिथे जाता जाता त्याने मनात वाक्य जुळवलं. नमस्कार, ऑर्डर क्रमांक दोनशे सतरा, डाग काढायचा की ठेवायचा? एक प्रश्न, एक उत्तर. फार तर दोन मिनिटं.

पलीकडे एका बाईंनी फोन उचलला. त्याने ऑर्डरचा क्रमांक सांगितला.

“म्हणजे गोधडीवाले का?” बाई म्हणाल्या. “अहो, किती दिवस वाट बघतेय मी. तुमच्या त्या साइटवर कुठे नंबरच सापडेना. मला वाटलं, साडी पोचली तरी की नाही. दुसरी नाहीये हो माझ्याकडे आईची.”

“पोचली आहे,” श्रीरंग म्हणाला. “माझ्याजवळच आहे.” आणि पुढचं जुळवलेलं वाक्य बोलायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं, “कशा होत्या आई?”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मग बाई बोलू लागल्या.

ओसरीत शेंगा संपल्या. महाराजांनी टरफलं गाईपुढे टाकली, पावटे धुतले, चुलीवर चढवले. ऊन गडग्यावरून खाली उतरलं. श्रीरंग आधी उभा होता, मग दगडावर टेकला, मग फोन एका कानाचा दुसऱ्या कानाला लावून झाडाभोवती फिरू लागला. मध्येच तो मोठ्याने हसला. मध्येच पाठ फिरवून बराच वेळ उभा राहिला.

तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

“त्यांचं नाव गंगूबाई होतं, महाराज. पन्नाशीत सायकल शिकल्या. पालीला घाबरायच्या. शेजारची तीन पोरं त्यांच्याच घरी जेवून मोठी झाली. शेवटी शेवटी माणसं ओळखायच्या नाहीत, पण कुणी दारात आलं की म्हणायच्या, जेवलास का...”

“बरं.”

“आणि त्यांना गाणं अजिबात यायचं नाही, तरी भाकऱ्या थापताना गायच्या.”

“बरं.”

श्रीरंग खाली बसला. साडीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“महाराज... डागाचं विचारायचंच राहिलं.”

चुलीवर पावटे खदखदत होते. महाराजांनी झाकण काढून पाहिलं, मीठ घातलं.

“तासभर बोललो, आणि जे विचारायचं तेच विसरलो. आता घरी जाऊन मृदुलाला सांगू काय?”

“हेच सांग.”