वेणूनं विहिरीवर काय मागितलं

पळसाच्या रानाला लागून एक छोटंसं गाव होतं. गावाच्या टोकाला, कुडाच्या झोपडीत वेणू आणि तिची आई राहायच्या. आई बांबूच्या टोपल्या विणायची, विणता विणता गाणी म्हणायची. पण वेणूचा तान्हा भाऊ तापानं गेला आणि आईची गाणीही थांबली. ती भिंतीकडे तोंड करून बसून राही. जेवत नसे, बोलत नसे.

गाव म्हणालं, "तिला झपाटलंय." तिच्या टोपल्या कुणी घेईना. वेणू विहिरीवर आली की बायका आपापली मुलं जवळ ओढून घेत. म्हणून वेणू दूरच्या ओढ्यावरून पाणी आणायची आणि वाटेत, कुणी पाहत नसताना, रडून घ्यायची.

एका तळपत्या दुपारी पळसाखाली तिला काहीतरी चमचमताना दिसलं. करंगळीएवढी इवलीशी परी होती ती. पंख केशरी, झगा सोनसळी, पण ओठ उन्हानं पार सुकलेले. वेणूनं कळशीतलं पाणी तिला थेंबथेंब पाजलं, नाजूक पंखांवर हळूच शिंपडलं.

"गुणाची गं पोर," परी म्हणाली. "एक इच्छा माग."

"माझ्या आईला हसव."

परीचे पंख मिटले. "दुखरं मन कांडी फिरवून बरं होत नाही, बाळा. त्याला औषध लागतं, माणसं लागतात, वेळ लागतो. दुसरं काही माग. आणि हो, लपून मागायचं नाही. सगळ्यांसमोर, मोठ्यानं मागायचं. तरच ते मिळतं."

संध्याकाळी वेणू विहिरीवर गेली. बायका पाणी भरत होत्या.

"माझी आई आजारी आहे," ती म्हणाली. "तिला कुणी झपाटलेलं नाही. तिचं मन दुखतंय. कुणीतरी तिच्याजवळ येऊन बसा. एवढंच मागते."

तिच्या एकेका शब्दाचं केशरी फूल झालं आणि बायकांच्या खांद्यांवर अलगद उतरलं. झटकलं तरी पडेना. मग म्हाताऱ्या तुळसाकाकूंनी घागर खाली ठेवली.

"माझी बहीण अशीच होती," त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणतील म्हणून आम्ही तिला कोंडून ठेवलं. त्या खोलीतच गेली ती." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "चल पोरी."

त्या रोज येऊन बसू लागल्या. मग आणखी कुणी कुणी आल्या. कुणी भाकरी आणली, कुणी नुसतीच शेजारी बसली. काकूंनी गाडी जुंपायला लावली आणि आईला मनाचे आजार जाणणाऱ्या वैद्यबाईंकडे नेलं.

पावसाळा आला, सरला. एका सकाळी आईनं वेणूचा चेहरा ओंजळीत धरला. "किती वाळलीस गं. जेवलीस का?" आणि बाळासाठी दोघी पहिल्यांदाच एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

दारात परी तरंगत होती.

"आई आता पुरती बरी झाली?" वेणूनं विचारलं.

"काही दिवस हलके जातील, काही जड. पण जड दिवशी तू एकटी नसशील."

एवढं बोलून परी सोनेरी उजेडात विरघळली. उजेड अंगणभर पसरला. आत तुळसाकाकू चूल पेटवत होत्या आणि आई त्यांना मीठ कुठं ठेवलंय ते हळू आवाजात सांगत होती.