केंड माशाचं अंगण

एका राज्यात समुद्राच्या वाळूलाही शिस्त होती. राजा धवलकेतू दर पौर्णिमेला आणि अमावास्येला समुद्रस्नानास जाई. त्याआधी शंभर सेवक पाण्यात उतरत आणि तळाची वाळू दाताळ्यांनी विंचरून सपाट करत. राजाच्या पायाला उंचवटा लागता कामा नये, हा सात पिढ्यांचा रिवाज.

एका पौर्णिमेला दाताळ्यांखाली वाळूचं एक गोल नक्षीदार अंगण मोडलं. ते होतं केंड माशाचं. मासा बोटाएवढा, पण मोठा मांत्रिक! अंगणाच्या मधोमध त्याची अंडी होती. रागाने तो टम्म फुगला आणि पाण्याखालूनच शाप देता झाला, "माझी पोरं वाळूत गेली. राजाचंही जाईल!" हे ऐकलं फक्त खडकावरच्या खंड्या पक्ष्याने.

तत्क्षणी काठावर खेळणारा छोटा राजपुत्र वाळूचा झाला. पहिल्याच भरतीने त्याची पावलं नेली. राजाला वाटलं, वाळू नीट विंचरली नाही म्हणून समुद्र कोपला. त्याने सेवक दुप्पट केले. आता काय म्हणावं या राजाला!

राजकन्या कुमुद्वती भावापाशी रडत बसली होती. त्याला घास तीच भरवी, निजवीही तीच. खंड्या तिच्या खांद्यावर उतरला. त्याने शाप सांगितला आणि म्हणाला, "राजकन्ये, अमावास्येच्या उधाणात हा पुरता विरघळेल. माझं पीस केसांत खोव, पाण्यात श्वास चालेल. ज्याचं मोडलं, त्याला भेट."

तिने पीस खोवलं आणि सूर मारला. तळाशी केंड दिसला. अंगावर खवला नाही, एक डोळा तिच्यावर, दुसरा भलतीकडेच.

"शाप सोडवायचा तर तीन कामं," तो तोंड न उघडता पुटपुटला.

तोंड उघडतच नव्हतं, हेच पहिलं काम! शोकात त्याने अन्न टाकलेलं, आणि केंडाचे चार दात झिजले नाहीत तर वाढतच जातात. कुमुद्वतीने शिंपले आणले, खेकडे आणले. कडाकड, कडाकड! संध्याकाळपर्यंत दात बेताचे झाले.

"दुसरं काम. पाहा, पण हात लावू नको."

तोच एक थोराड हेकरू मासा आला आणि त्याने केंडाला तोंडात घेतलं! हा मेला तर शाप कोण सोडवणार? तिचा हात कट्यारीवर गेला, पण तिने मूठ आवळून धरली. आत केंड पाणी पिऊन चेंडूएवढा झाला, अंगावरचे काटे उभे राहिले, विषाची चव जिभेला लागली. हेकरूने त्याला थुंकलं आणि अशी धूम ठोकली म्हणता!

"तिसरं काम. अंगण घालू."

केंड पोटाने आणि परांनी वाळू उडवत सऱ्या ओढी. ती सऱ्यांच्या कडांवर शंखांचे तुकडे मांडी. लाट पुसून टाकी, दोघं पुन्हा आखत. सातव्या दिवशी मादी आली. भोवती फिरली. पसंत पडलं! मधल्या मऊ वाळूत अंडी घालून ती निघून गेली. राखण बापाने करायची, ही त्यांची रीत. काठावर भाऊ आता छातीपासून वरच उरला होता.

अमावास्येच्या पहाटे दाताळी पाण्यात उतरली. दोनशे! पुढे स्वतः राजा, हातात दाताळं. कुमुद्वती पाण्यातून उसळून वर आली.

"महाराज, थांबा!"

"दूर हो. वाळू विंचरू दे, तुझा भाऊ वाचेल."

"विंचरल्यानेच तो गेला, बाबा. एकदा खाली पाहा."

सात पिढ्यांत कुणा राजाने खाली पाहिलं नव्हतं. धवलकेतूने पाण्यात डोकं घातलं. अंगणाच्या मधोमध, अंड्यांपुढे, बोटाएवढा मासा टम्म फुगून उभा होता, एकटा, दोनशे दाताळ्यांसमोर. राजाच्या काळजात चर्र झालं. बाप बापाला ओळखतोच. त्याने आपलं दाताळं गुडघ्यावर मोडलं.

आणि अंडी फुटली! शेकडो पिल्लं पाण्यात उधळली. उधाण आलं ते नेलेली सगळी वाळू घेऊनच. गुडघे आले, पावलं आली, आणि राजपुत्र डोळे चोळत म्हणाला, "ताई, भूक लागली."

त्या राज्यात राजा अजूनही समुद्रस्नानास जातो. पायाला उंचवटा लागतो. मग राजा खाली वाकून पाहतो, आणि वाट बदलतो.